हात न लावण्याचं काम

पुण्या-मुंबईतल्या काही घरांत बारावीनंतरच्या किंवा पदवीनंतरच्या सुट्टीसाठी हल्ली एक नवा बेत शिजतो. दोन आठवडे बोर्निओच्या नाहीतर कोस्टा रिकाच्या वर्षावनात जायचं, तिथल्या एखाद्या प्रकल्पावर स्वयंसेवक म्हणून राबायचं, आणि त्या राबण्याचे पैसेही आपणच मोजायचे. विमानभाडं धरून खर्च काही लाखांत जातो. माहितीपत्रकावर छायाचित्र बहुधा ठरलेलं असतं: एका तरुण मुलीच्या गळ्याला बिलगलेलं ओरांगउटानचं पिल्लू. नुसतं बोलू नका, स्वतःच्या हातांनी निसर्ग वाचवा, असा त्याचा सांगावा.

यावर दोन मतं ऐकू येतात. एक कौतुकाचं: आजची पिढी मोबाइल सोडून जंगलात जाते आहे, अजून काय हवं? दुसरं कुत्सित: पैसेवाल्यांच्या मुलांची सहल आहे, वर पुण्याचा मुलामा. दोन्ही मतं उथळ आहेत, आणि दोन्ही एकाच जागी उथळ आहेत. दोघंही जाणाऱ्याचा हेतू तपासत बसतात. जंगलाला हेतूशी कर्तव्य नाही. चांगल्या मनाने आलेल्या सर्दीचा विषाणू वाईट मनाने आलेल्या सर्दीपेक्षा सौम्य नसतो.

माझं म्हणणं असं आहे, की वर्षावनात बाहेरून गेलेल्या माणसाचा उपयोग तो प्राण्यापासून किती लांब राहतो यावर ठरतो. हे तीन पायऱ्यांनी मांडतो. प्राण्याला हात लावण्याचं काम पाहुण्याने करणं जवळजवळ नेहमीच अपायाचं असतं. माणसाची नुसती जागती हजेरी मात्र जंगल राखते. आणि ती हजेरी बारमाही लागत असल्यामुळे ती पाहुण्याची असूच शकत नाही. या तीन गोष्टी पटल्या तर पाहुण्यासाठी काय उरतं, हा चौथा प्रश्न. उरतं बरंच, पण माहितीपत्रकावर छापावं असं त्यात काही नसतं.

१. गळ्यातलं पिल्लू

ते पिल्लू माणसाच्या गळ्यात आलं कसं, इथून सुरुवात करायला हवी. ओरांगउटानची मादी साधारण सात-आठ वर्षांतून एकदा विते. पिल्लू तेवढाच काळ आईला चिकटून असतं, कारण त्याला शिकायचं खूप असतं: कुठलं फळ कधी पिकतं, कुठली साल सोलून खायची, रोज संध्याकाळी फांद्या मोडून झोपायचं मचाण कसं बांधायचं. अशी आई पिल्लू सोडून जात नाही. पिल्लू एकटं सापडलं याचा अर्थ बहुतेक वेळा आई मारली गेली.

आता या अनाथ पिल्लाला पुन्हा जंगलात सोडायचं तर त्याने दोन गोष्टी शिकायच्या असतात. जंगलात जगायला शिकायचं, आणि माणसावर भरवसा न ठेवायला शिकायचं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड असते. माणसाला न भिणारं ओरांगउटान सोडल्यावर वस्तीकडे, मळ्याकडे, पामतेलाच्या लागवडीकडे येतं आणि पुन्हा मार खातं. दर पंधरवड्याला एक नवी, प्रेमळ, अनोळखी कूस त्याला दिली, तर नेमका उलटा धडा आपण त्याला गिरवायला लावतो. कुठलाही माणूस म्हणजे दूध आणि माया, हे त्याच्या मनात पक्कं होत जातं.

त्यात आजारपण आलं. ओरांगउटानचा आणि आपला डीएनए सुमारे ९७ टक्के सारखा आहे. आपले श्वसनाचे रोग त्यांना सहज जडतात. कालपर्यंत तीन विमानतळांवर आणि दोन वातानुकूलित विमानांत बसलेला माणूस आज पिल्लाच्या तोंडाशी तोंड नेतो, तेव्हा तो काय घेऊन आला आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. म्हणूनच आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१० साली महावानर पर्यटनासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत किमान सात मीटरचं अंतर आणि तोंडाला मास्क सांगितला आहे. सात मीटर म्हणजे मोठ्या दिवाणखान्याच्या लांबीहून जास्त. छायाचित्रातलं अंतर शून्य आहे.

पुनर्वसन केंद्रं बंद करा, असं मी म्हणत नाही. बोर्निओतल्या सबाहमधलं सेपिलोकचं केंद्र १९६४ पासून चालू आहे, आणि पिंजऱ्यात सापडलेल्या पिल्लाला वाऱ्यावर सोडणं क्रूरपणाच ठरेल. पण हे काम मोजक्या, कायमच्या, आरोग्यतपासणी झालेल्या सांभाळकर्त्यांचं आहे. अनाथालयात रोज नवी आई पाठवायची नसते, हे माणसांच्या बाबतीत आपल्याला लगेच कळतं.

आणि हिशेबही पाहा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार १९९९ ते २०१५ या काळात बोर्निओतली एक लाखाहून अधिक ओरांगउटान नाहीशी झाली. त्यांतली बरीच जंगल तुटलं म्हणून गेली हे खरं, पण मोठा आकडा जिथे जंगल अजून उभं आहे अशा भागातला होता, म्हणजे तिथे त्यांना मारलं जात होतं. केंद्रातली पिल्लं ही या संहाराची खूण आहे. तिला बाटलीने दूध पाजून संहाराचा वेग कमी होत नाही. फार तर आपल्याला बरं वाटतं.

ओरांगउटान लांबचं झालं. आपल्या आंबोलीत पावसाळ्याच्या रात्री काय चालतं ते पाहा. आंबोलीचा छोटा टोड जगात त्या परिसरातल्या सड्यांखेरीज कुठे नाही. टॉर्च घेऊन निघालेल्या हौशी छायाचित्रकारांपैकी काही जण बेडूक उचलून 'चांगल्या' पानावर ठेवतात, चापडा साप काठीने हलवून बसवतात. यांना कुणी निसर्गाचे शत्रू म्हणणार नाही, तेही स्वतःला निसर्गप्रेमीच समजतात. पण बेडकाची कातडी म्हणजे त्याचं अर्धं फुप्फुस. आणि काइट्रिड बुरशी हीच कातडी पोखरते. २०१९ च्या जागतिक आढाव्यानुसार या बुरशीमुळे उभयचरांच्या किमान ५०१ जातींची संख्या घटली, त्यांतल्या ९० जाती नामशेष झाल्याचं मानलं जातं. ओल्या चिखलाबरोबर बुटांच्या तळव्याला लागूनही ती एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जाऊ शकते. म्हणून नीट चालणाऱ्या प्रकल्पात पहिल्या दिवशी पाहुण्याच्या हातात बेडूक देत नाहीत. ब्रश आणि जंतुनाशकाची बादली देतात, आणि बूट घासायला बसवतात.

२. ताई जंगलातला पेच

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग माणसाने जंगलात जाऊच नये. हा निष्कर्ष सोपा आहे आणि चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे आयव्हरी कोस्टमधल्या ताई राष्ट्रीय उद्यानाच्या उदाहरणावरून जितकं नीट कळतं तितकं दुसऱ्या कशावरून कळत नाही.

ताई हे पश्चिम आफ्रिकेतल्या उरल्यासुरल्या मोठ्या वर्षावनांपैकी एक. तिथे शास्त्रज्ञ अनेक वर्षं चिंपांझींच्या टोळ्यांमागून रोज फिरत आले आहेत. टोळ्या त्यांना सरावल्या, आणि मग मधूनमधून चिंपांझी खोकून खोकून मरू लागले. मेलेल्यांच्या ऊतींची तपासणी झाली. २००८ साली निष्कर्ष छापून आला: माणसांत साध्या सर्दी-खोकल्याला कारण होणारे दोन विषाणू त्यांत सापडले, आणि ते त्याच सुमारास जगभर माणसांत फिरत असलेल्या वाणांचे जवळचे नातलग होते. ज्यांनी आयुष्य चिंपांझींसाठी वाहिलं, त्यांच्या जवळ जाण्यानेच चिंपांझी मेले होते.

पण त्याच संशोधकांनी त्याच लेखात दुसरी गोष्टही मांडली, आणि ती सांगायला बरेच जण विसरतात. संशोधन केंद्राच्या आसपासच्या भागात चोरट्या शिकारीला मोठा आळा बसला होता. रोज पहाटे माणसं पायवाटा तुडवतात, वही घेऊन बसतात, त्यांचं लक्ष असतं, म्हणून बंदूकवाला तिथे फिरकत नाही. जवळीक मारत होती आणि हजेरी तारत होती, तीही एकाच वेळी, एकाच जंगलात.

हा पेच सोडवायचा तर दोन्ही गोष्टी एकमेकींपासून सोडवाव्या लागतात. हजेरी ठेवायची, जवळीक काढून टाकायची. मास्क, अंतर, आजारी माणसाला जंगलात मज्जाव, बाहेरून आलेल्याला काही दिवस वेगळं ठेवणं, हे सगळं त्यातूनच येतं. आणि दोन आठवड्यांचा स्वयंसेवक या हिशेबात फार महाग पडतो. त्याला वेगळं ठेवण्यातच त्याच्या मुक्कामाचा मोठा भाग संपतो.

३. बारा महिने कोण?

शिकारी सुट्टीचा हंगाम पाहून येत नाही. करवतवाला पाहत असेल, तर तुम्ही परत गेल्याचीच वाट पाहत असेल. हजेरीचा उपयोग सलगपणात आहे, आणि सलग हजेरी फक्त त्याच गावच्या माणसाला जमते. वर्षावनाच्या संशोधनाचा इतिहास नीट उलगडला तर ही गोष्ट पहिल्यापासून दिसते, फक्त मुखपृष्ठावर दिसत नाही. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस मलय द्वीपसमूहातून सव्वा लाख नमुने घेऊन परतला. त्याच्यासाठी पक्षी टिपणारा, कातडी सोलणारा, होडी हाकणारा सारावाकचा तरुण अली होता. वॉलेसच्या नावाने ओळखला जाणारा तो सुंदर स्वर्गपक्षी बाचान बेटावर १८५८ साली प्रथम हाती लागला तो अलीच्याच. वॉलेसने हे स्वतः प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. पक्ष्याला नाव मात्र वॉलेसचं मिळालं.

कोस्टा रिकात डॅनियल जान्झेन आणि विनी हॉलवॉक्स या जीवशास्त्रज्ञांनी १९८९ पासून हा क्रम उलटवायचं ठरवलं. त्यांनी गावातल्याच माणसांना, शेतावर राबणाऱ्यांना आणि फारसं शिक्षण नसलेल्या बायकांनाही, काही महिन्यांचं प्रशिक्षण देऊन कीटक आणि वनस्पतींच्या नोंदी करण्याच्या पगारी कामावर घेतलं. ग्वानाकास्तेच्या जंगलात ही माणसं वर्षानुवर्षं सुरवंट गोळा करत आली: सुरवंट कुठल्या झाडावर मिळाला, काय खातो, त्यातून काय बाहेर पडतं, याची नोंद दर नमुन्यामागे. या कष्टाळू नोंदी हाताशी होत्या म्हणूनच डीएनएचं तंत्र आल्यावर २००४ साली दाखवता आलं, की एकच जात समजलं जाणारं एक फुलपाखरू तिथे प्रत्यक्षात दहा जातींचं आहे. पतंग-फुलपाखरांत रूप फसवतं. सुरवंटांचं खाणं आणि रंग फसवत नव्हते, आणि ते टिपायला रोज जाणारी माणसं होती. पंधरा दिवसांचा पाहुणा, कितीही हुशार असला तरी, या कामात मागे काही ठेवत नाही.

आपल्या देशातलं उदाहरण अरुणाचलमधल्या पक्के व्याघ्र प्रकल्पाभोवतीचं आहे, आणि मला ते या सगळ्यांत सर्वांत शहाणपणाचं वाटतं. महाधनेशाची मादी झाडाच्या ढोलीत जाते, आतून तोंड लिंपून घेते आणि काही महिने एका फटीतून नर जे भरवेल त्यावर जगते. नर मारला गेला की ढोलीतलं कुटुंब संपल्यात जमा. पूर्वी न्यिशी लोकांत धनेशाची शिकार होत असे. पारंपरिक टोपीवर त्याच्या चोचीचं शिरस्त्राण लागे. २०११ च्या सुमारास गावबुढ्यांची घोरा-आभे संस्था, नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन आणि अरुणाचलचा वन विभाग यांनी मिळून घरटी दत्तक देण्याची योजना सुरू केली. शहरातला माणूस वार्षिक रक्कम देतो. त्या पैशातून न्यिशी गावांतल्या माणसांना पगार मिळतो, आणि हंगामभर ते ढोल्यांवर नजर ठेवतात, नोंदी करतात. त्यांच्यातले काही जण पूर्वी स्वतः शिकार करत. पैसे देणाऱ्याला वर्षाकाठी घरट्याची खबर मिळते. तो तिथे जात नाही, ढोलीला हात लावत नाही, गळ्यात काही घेऊन छायाचित्र काढत नाही. या योजनेत दात्याचा अहंकार कुठे बसवायचा हा प्रश्नच उरत नाही, हे तिचं मोठं यश.

इथे एक कटू गोष्ट जोडायला हवी. गावची माणसं नेमली की प्रश्न मिटला असं नव्हे, त्यांचा पगार चालू राहावा लागतो. कोस्टा रिकातल्या ज्या संस्थेभोवती तो नोंदीचा प्रयोग वाढला, ती इनबायो संस्था पुढे पैशांच्या अडचणीत आली आणि तिचा संग्रह २०१५ साली सरकारकडे सोपवावा लागला. पगार आटला की हजेरी आटते.

४. पाहुण्याला काय उरतं

मोजमाप उरतं. पण कुठलंही मोजमाप नव्हे. वर्षावनात जीव वर असतो, तीस-चाळीस मीटरवरच्या छतात, आणि दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येतो. नवख्या माणसाला पायवाटेवरून चालताना हिरवी भिंत आणि स्वतःच्या मानेवरून ओघळणारा घाम एवढंच जाणवतं. त्याला पक्ष्यांची मोजणी दिली, आणि दर पंधरवड्याला माणूस बदलला, तर दोन वर्षांनी मिळणारा आलेख पक्ष्यांचा नसतो, मोजणाऱ्यांच्या कानांचा असतो. अशा आकड्यांवर धोरण ठरवलं तर ते आकडे नसण्याहून घातक ठरतात.

माणूस बदलला तरी आकडा बदलणार नाही, अशी कामं त्याला द्यावीत. झाडाचा घेर मोजणं हे त्यांतलं एक. ऐकायला सोपं वाटतं. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर टेप लावायची. पण वर्षावनातल्या कित्येक झाडांच्या बुंध्याला फळ्यांसारखी आधारमुळं फुटलेली असतात, कधी माणसाच्या डोक्याहून उंच. तिथे टेप मुळांच्या वर, खोड गोल होतं तिथे लावायची, त्या जागी रंगाचा पट्टा ओढायचा, म्हणजे पुढच्या वर्षी येणारा दुसरा कुणी तिथेच मोजेल. खोडाला चिकटलेली वेल टेपखालून सोडवून घ्यायची, नाहीतर वेलीचा घेर झाडाच्या नावे चढतो. हात वर असल्याने पाणी बाहीतून काखेपर्यंत येतं, मनगटावर जळू चढते, आणि वहीवर पेन्सिलच चालते, पेन नाही. अशी हजार झाडं मोजली की त्या तुकड्यात किती कार्बन साठला आहे आणि कुठल्या जाती मागे पडत आहेत याचा अंदाज येतो. या कामाला उंच, दणकट आणि कंटाळ्याला न घाबरणारी पोरं लागतात. पाहुणे इथे खरोखर कामाला येतात.

दुसरं काम घाणेरी उपटण्याचं आणि रोपवाटिकेतलं. तमिळनाडूतल्या वालपराईच्या पठारावर चहा-कॉफीच्या मळ्यांमध्ये वर्षावनाचे तुकडे विखुरलेले आहेत, सिंहपुच्छ माकडं त्या तुकड्यांत अडकलेली आहेत. तिथे दिव्या मुडप्पा, टी. आर. शंकर रामन आणि त्यांचे सहकारी दोन दशकांहून जास्त काळ मळेवाल्या कंपन्यांशी बोलून, घाणेरी काढून, स्थानिक झाडांची रोपं लावून हे तुकडे पुन्हा उभे करत आहेत. रोपं शंभराहून अधिक जातींची, बियाही त्याच परिसरातल्या. एका दिवसात पाच हजार झाडं लावण्याच्या आपल्याकडच्या वृक्षारोपण सोहळ्यांशी याची तुलनाही करू नये. तिथे आपण खड्ड्यात गिरिपुष्प लावून फोटो काढतो. आणि वालपराईत ज्या तुकड्यांत ही मेहनत झाली ते आपोआप सावरायला सोडलेल्या तुकड्यांपेक्षा लवकर मूळ जंगलाकडे सरकले, हे मोजून दाखवता आलं ते कुणीतरी टेप धरली म्हणून.

आक्षेप

पहिला आक्षेप पैशाचा. पिल्लाला कुशीत घ्यायला मिळतं म्हणून तर लोक पैसे देतात. त्या पैशावर केंद्र चालतं. ते बंद केलं तर? हा युक्तिवाद मला गंभीर वाटतो, पण तो स्वतःलाच अडकवतो. केंद्राचं उत्पन्न पिल्लांवर अवलंबून राहिलं, तर पिल्लं लवकर जंगलात जाण्यात त्याचा तोटा आहे. चांगल्या केंद्राला रिकामं होण्याची आस लागलेली असायला हवी. पक्केच्या योजनेने दाखवलं आहे की स्पर्श न विकताही पैसा उभा राहतो. कमी राहत असेल, पण तो योग्य खिशात जातो.

दुसरा आक्षेप जिव्हाळ्याचा: हात लावल्याशिवाय प्रेम कसं जडणार? याला उत्तर कोकणातच आहे. वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची अंडी पूर्वी चोरली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आज लोक पहाटे उठून दोरीच्या मागे उभं राहून पिल्लं समुद्राकडे जाताना पाहतात. पिल्लू हातात घेऊन पाण्यात सोडू दिलं जात नाही, कारण वाळूवरून चालण्याचा तो प्रवास त्याचा असतो. दोरीमागे उभ्या राहिलेल्या मुलांचं प्रेम कमी झाल्याचं मला तरी दिसलेलं नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. पुष्कळ वन्यजीव अभ्यासकांची सुरुवात अशाच एखाद्या शिबिरातून झाली. पाहुण्याला कंटाळवाणं काम दिलं तर पुढची पिढी येणार कुठून? माझा अनुभव उलटा सांगतो. फक्त पिल्लासाठी आलेला माणूस दोन आठवड्यांनी परत जातो आणि पुढच्या सुट्टीत स्कूबा डायव्हिंगला जातो. टेप धरून, ओल्या वहीवर हजारावं झाड लिहून जो 'पुढच्या वर्षी ही झाडं किती वाढली ते कोण मोजणार?' असं विचारतो, तो परत येतो.

आणि ज्यांना फक्त जंगल अनुभवायचं आहे, त्यांनी काय करावं? जरूर जावं. आपल्याकडे बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजण्याची मोठी परंपरा आहे. वर्षावनात ती चालणारच नाही, कारण तिथे पाणी सगळीकडे असतं आणि प्राण्याला एका पाणवठ्यावर यायची गरज नसते. पण विदर्भातल्या सुक्या जंगलांतही या रात्रीच्या आकड्यांवरून प्राण्यांची खरी संख्या ठरवता येत नाही. वाघांसाठी २००६ पासून कॅमेरा ट्रॅपच्या पद्धतीचा आधार घेतला जातो. वन विभागाने म्हणून त्या रात्रीचं नाव 'निसर्गानुभव' ठेवलं, शुल्क घेतलं, आणि मचाणावर बसू दिलं. लोक अजूनही येतात, रात्रभर जागतात, अस्वल दिसलं तर वर्षभर सांगत फिरतात. बोर्निओच्या आणि कोस्टा रिकाच्या संस्थांनीही त्यांच्या दोन आठवड्यांच्या बेताला संवर्धनाऐवजी हेच नाव द्यावं, पैसे त्याच नावाने घ्यावेत आणि त्यातून स्थानिक माणसांचे बारा महिन्यांचे पगार द्यावेत. मग पिल्लाचं छायाचित्र पत्रकावरून काढायला हरकत कुणाची राहील, तेवढं मात्र मला बघायचं आहे.